पिवळ्या लोकरीची गाठ

माझ्या बापाने आजवर ज्याला ज्याला कम्युनिस्ट ठरवलं, त्या प्रत्येकाच्या नावाचे निषेधाचे फलक माझ्याच दुकानात छापले गेले आहेत. बोल्सा अव्हेन्यूवर, नूडल सूपच्या हॉटेलामागे माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, टेटच्या नववर्षाची कॅलेंडरं, हॉटेलांची मेन्यूकार्डं आणि 'मुर्दाबाद' एवढा माल आम्ही काढतो. लग्नं हंगामात होतात. गद्दार मात्र आमच्या कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरमध्ये बारा महिने सापडतात, त्यामुळे धंदा चालतो.

बापाचं नाव दोआन व्हिएत निन्ह. त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, 'अध्यक्ष' म्हणतात. मातृभूमी पुनःप्राप्ती आघाडीचे अध्यक्ष; मातृभूमी म्हणजे कम्युनिस्टांनी जिंकलेला व्हिएतनाम. आघाडीत एके काळी तीन-चारशे माणसं होती, आता जेमतेम चाळीस उरली आहेत. त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नाही, म्हणून घोषणा अजूनही दणक्यात होतात. सायगाव पडलं त्या दिवशी, दर एप्रिलअखेर, बाबा कॅप्टनचा गणवेश घालून दक्षिण व्हिएतनामच्या तीन लाल पट्ट्यांच्या पिवळ्या झेंड्याला सलामी देतात. तो गणवेशही खरा नाही. गार्डन ग्रोव्हच्या शिंप्याकडून शिवून घेतलाय. खरा आईने पंचाहत्तर साली चुलीत घातला.

तेव्हा आईने नुसता गणवेश जाळला नाही. गणवेशातल्या माणसाचे होते नव्हते ते सगळे फोटो जाळले. गल्लीतल्या सगळ्याच बायका जाळत होत्या, दारोदार झडती सुरू होती. त्यात लग्नाचे फोटो गेले, आणि खोयला मांडीवर घेतलेला बाबांचा एकुलता एक फोटोही गेला.

खोय माझा मोठा भाऊ. मी त्याला पाहिलेलं नाही. बाबांना 'महिनाभराचे कपडे घेऊन शिकवणीला या' म्हणून नेलं आणि सहा वर्षं छावणीत डांबलं. मागे आईला आणि तीन वर्षांच्या खोयला घरातून काढून शुआन लोकच्या पलीकडे रानात नेऊन सोडलं. जमीन फोडा आणि खा. तिथे खोयला हिवताप झाला. दवाखान्यातलं औषध कॅप्टनच्या पोरासाठी नव्हतं. सहा वर्षांचा असताना तो गेला आणि आईने त्याला स्वतःच्या हाताने पुरला. बाबांना ही बातमी छावणीत कळायला वर्ष लागलं. सुटल्यावर दोघं बोटीतून पळाली आणि मी मलेशियाच्या निर्वासित छावणीत जन्मले.

म्हणजे माझ्या बापाचा राग खरा आहे, हे मी आधीच सांगून टाकते. तो खोटा असता तर मी केव्हाच त्यांचं तोंड बघणं सोडलं असतं.

पण खऱ्या रागाचाही माणूस धंदा करतो. बाबांचं एकही भाषण, सभेतलं असो की आघाडीच्या रेडिओवरचं, खोयशिवाय संपत नाही. "माझा सहा वर्षांचा मुलगा..." असं म्हणून ते थांबतात. तिथे थांबायचं हे ठरलेलं आहे. मग टाळ्या. त्या वेळी आई सभागृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन स्प्रिंगरोल तळते. तेलाच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आईच्या भाच्याचा तिकडून फोन आला. खोयला पुरलं त्या जागेवरून नवा रस्ता जाणार होता. ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांनी येऊन काढून न्यावीत, बाकीच्यांची हाडं एका खड्ड्यात जातील. भाचा म्हणाला, आत्या, मी काढली असती, पण घरचं माणूस असताना दुसऱ्याने हाडांना हात लावू नये. हे आमच्यात खरंच आहे. आम्ही मूळचे उत्तरेकडचे, तिथे कम्युनिस्ट आले तेव्हा दक्षिणेत पळालेले. आमच्याकडे पुरलेलं माणूस काही वर्षांनी वर काढतात, हाडं सुवासिक पाण्याने धुतात आणि लाल कापडात बांधून कायमच्या जागी नेतात. तोवर मेलेला माणूस वाटेतच असतो. खोय चाळीस वर्षांपेक्षा जास्त वाटेत होता.

आईने जेवताना विषय काढला. बाबा फिश सॉसमध्ये मिरची चुरडत होते.

"कोणी जाणार नाही," ते म्हणाले.

"मी जाते. तुम्ही नका येऊ."

"त्यांच्या दारात उभं राहून शिक्का मागणार? ज्यांनी पोराला औषध दिलं नाही त्यांची फी भरणार?"

"फी मी माझ्या पैशांनी भरीन."

"थोआ, प्रश्न फीचा नाहीये. तत्त्वाचा आहे."

"खड्ड्यात तत्त्वाला टाकणार नाहीयेत, खोयला टाकणार आहेत," आई म्हणाली आणि भाताचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची बाजू घ्यावी अशी त्यांची अपेक्षा होती की काय कोण जाणे. मी म्हटलं, "बाबा, सोळा वर्षं तुम्ही रेडिओवर त्याचं नाव घेताय. एकदा त्याला आणायला बायकोला जाऊ द्या."

"आणि किएमला आपण काय म्हटलं होतं? आता माझीच बायको गेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

किएमकाकांची बोल्सावर बेकरी होती. त्यांची आई तिकडे वारली आणि ते अंत्यविधीला जाऊन आले. परत आले तेव्हा बाबा आघाडी घेऊन दुकानासमोर उभे. 'कम्युनिस्टांचा पाव खाऊ नका.' दीड महिना. फलक अर्थातच माझे. म्हातारे आळीपाळीने खुर्च्या टाकून बसायचे, गिऱ्हाइकाला नावानिशी हटकायचे. बेकरी बंद पडली. माफी मागायची तर झेंड्यासमोर हात जोडून, सगळ्यांच्या देखत मागायची, हा नियम बाबांनीच घालून दिला होता. किएमकाकांनी मागितली नाही. आता ते नखं रंगवायच्या एका सलूनच्या मागच्या खोलीत विमानाची तिकिटं विकतात.

आई दुसऱ्याच दिवशी मला म्हणाली, "गाडी काढ. किएमकडे जायचंय." बाबांना तिने सांगितलं की ह्यूस्टनला बहिणीकडे चाललेय.

किएमकाकांनी आम्हाला दारातच ओळखलं. बसा म्हणाले नाहीत.

"वहिनी, रस्ता चुकलात का? आघाडीचं ऑफिस पलीकडे आहे."

"तिकीट हवंय," आई म्हणाली. "सायगावचं."

त्यांनी चष्मा वर केला. "अध्यक्षीणबाईंना? सायगावचं? आणि कसलं हवंय, गद्दारांच्या रांगेतलं की साधं?"

"खोयची जागा रस्त्यात जातेय."

ते संगणकाकडे वळले. थोडा वेळ कळफलक बडवत राहिले. मग म्हणाले, "पावाला म्हणे कम्युनिस्टांचा पाव! पावाला कसला आलाय पक्ष? मी तोंड उघडणार नाही, वहिनी. पण अध्यक्षांवर उपकार म्हणून नाही. बहिष्कार चालू असताना तुम्ही मागच्या दाराने पाव न्यायला यायचात, म्हणून."

मला हे नवीनच होतं. घरी तो पाव मी दीड महिना खाल्ला होता, आणि बाबांनीही. कंडेन्स्ड मिल्क लावून.

निघायच्या आदल्या दिवशी आईने कपाटाच्या खालच्या खणातून पिवळ्या लोकरीचा गुंडा काढला. तो गुंडा आमच्या घरात माझ्याहून जुना. खोयसाठी तिने स्वेटर विणायला घेतला होता, तो पाठीपर्यंत आला आणि खोय गेला. तिने तो उसवला आणि लोकर बोटीतून आणली. बोटीत लोकांनी सोनं आणलं, हिने लोकर. खण उघडला की गुंडा दिसायचा, बाबांचे मोजे त्याच खणात असायचे. रोज सकाळी मोजे काढताना त्यांचा हात त्याला लागत असणार.

आई गेली. आणि मी समजले, सुटलो.

दहाएक दिवसांनी वुओंगकाका दुकानात आले. वुओंगकाका आघाडीचे उपाध्यक्ष, आणि गेली वीस वर्षं उपाध्यक्षच असल्यामुळे जरा तिरसट झालेले. बाबा माझ्या टेबलाशी बसून पुढच्या सभेचं पत्रक वाचत होते. वुओंगकाकांनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"अध्यक्ष, बघा. आपल्या माणसांची थेरं बघा!"

फेसबुकवरचा फोटो होता, कोणाच्या तरी सुनेने टाकलेला. मोकळं माळरान, उकरलेली माती, आणि बाजूने दिसणारी एक बाई. डोक्यावर शंकूची टोपी, त्यामुळे चेहरा झाकलेला. अंगात आमच्या टेट उत्सवाच्या स्वयंसेवकांचं निळं जाकीट, पाठीवर 'वेस्टमिन्स्टर'. ती जाकिटं दोनशे छापली होती, मीच. बाईने छातीशी काहीतरी लाल धरलं होतं आणि त्याच्या बरोबर मधोमध पिवळं काहीतरी होतं. खाली लिहिलं होतं, 'कॅलिफोर्नियाच्या आत्याचं काम नीट पार पडलं. गुरुवारी परत निघणार.'

मी आईला तिच्या कोपरांवरून ओळखते. आणि ती पिवळी लोकर. चार टोकं एकत्र घेऊन मधे लोकरीची जाड गाठ मारली होती.

"झेंडा!" बाबा म्हणाले. "कम्युनिस्टांचा लाल झेंडा, मधे पिवळा तारा. छातीशी धरलाय बघ! आपलं जाकीट घालून!"

"गाठोडं असेल बाबा," मी म्हटलं. "माती उकरलेली दिसतेय ना? हाडांचं गाठोडं लालच असतं. तुम्ही उत्तरेकडचे, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"गाठोड्यावर कोणी तारा लावत नाही."

"कशावरून तारा आहे?"

"लुआ, पोरी," वुओंगकाका मधे पडले, "तुला काय माहीत? तू इथली. आम्ही तो झेंडा आमच्या घरांवर चढताना पाहिलाय." मग त्यांनी डोळे बारीक केले. "तू का एवढी वकिली करतेस तिची?"

वुओंगकाकांसमोर मी गप्प बसले. ती बाई म्हणजे आई, हे त्यांना कळलं की तासाभरात अख्ख्या बोल्साला कळलं असतं. बाबांनी फोन हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, अगदी त्या पिवळ्या ठिपक्यावर नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मोज्यांच्या खणातली लोकर त्या माणसाला ओळखता आली नाही. त्याला लाल दिसलं, पिवळं दिसलं, पुढचं सगळं त्याचं पाठ होतं.

संध्याकाळी ते रेडिओवर बोलले. मी गाडीत बसून ऐकलं. "ती बाई कोणीही असो, कोणाचीही बायको, कोणाचीही आई असो, गुरुवारी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर आपण तिचं स्वागत करू. माझा सहा वर्षांचा मुलगा..." आणि थांबले.

मला इतका राग कधी आला नव्हता. मी थेट घरी गेले. बाबा आले, बूट काढले, देव्हाऱ्यावर पूर्वजांपुढे उदबत्ती लावली. आमच्या देव्हाऱ्यावर आजोबांचा फोटो आहे, आजीचा आहे, खोयच्या उदबत्तीच्या वाटीमागे काही नाही. त्याचा फोटोच नाही.

"आई ह्यूस्टनला नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं नाही.

"तुमचा मोज्यांचा खण उघडून बघा, बाबा. लोकर आहे का बघा."

ते आत गेले. खण उघडल्याचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर पलंगावर बसले होते, सगळे मोजे बाहेर काढून, रिकाम्या खणात हात घालून चाचपत.

"तिने मला फसवलं," ते म्हणाले.

"तुम्ही तिला दुसरा रस्ता ठेवला होता का?"

"तू नेऊन सोडलंस?"

"हो. किएमकाकांनी तिकीट काढलं. आणि बहिष्कारातला पाव तुम्ही खाल्लात, तोही त्यांचाच होता."

ते एकदम उठले. मला वाटलं, मारतात. माझ्या आयुष्यात त्यांनी मला मारलेलं नाही, पण त्या क्षणी मी भिंतीला टेकले. "घर म्हणजे शत्रूची छावणी झालीय," ते म्हणाले, "मी माझ्याच घरात कैदी आहे!"

"मग शरण या. वुओंगकाकांना फोन करा, सांगा रद्द."

"काय सांगून रद्द करू? ती माझी बायको आहे म्हणून? किएमची आई होती तेव्हा मी सोडलं?"

बाकी कसाही असो, माझा बाप वशिल्याचा नव्हता. पण पुढचं वाक्य बोलल्याशिवाय माझ्याने राहवलं नाही. "ठीक आहे. मग पहिली घोषणा तुम्हीच द्या. तिला आवाज ओळखीचा वाटेल."

गुरुवारी त्यांनी गणवेश घातला. कॉलरची इस्त्री दोनदा केली. गाडी मी चालवली. फलक मागच्या सीटवर होते, ऑर्डर आघाडीची होती आणि ती आधीच छापून झाली होती. मी ते का नेले, असं कोणी विचारेल. छापून झालेला माल मी फुकट घालवत नाही, एवढंच सांगते.

विमानतळाच्या बाहेर पडायच्या दारासमोर आघाडी उभी होती. पिवळे झेंडे, टोप्या, काठ्या, चाकांच्या दोन खुर्च्या, चहाचे थर्मास. आधी नेहमीप्रमाणे सलामी झाली, मग मेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता. येणारेजाणारे लोक बॅगा ओढत बाजूने जात होते. मग वुओंगकाकांनी भोंगा बाबांच्या हातात दिला. बाबांच्या उजव्या हातात भोंगा, डाव्या हातात झेंडा.

सायगावहून आलेले लोक बाहेर यायला लागले. आमचीच माणसं, सुक्या कोळंबीच्या वासाची खोकी घेऊन. पिवळे झेंडे दिसताच माना खाली घालून कडेकडेने निघत होती. आणि मग आई दिसली. बारीक, निळ्या जाकिटात, दोन्ही हातांनी ते लाल गाठोडं छातीशी धरलेलं. मधे पिवळी गाठ.

"तीच! झेंडा घेऊन आलीय!" कोणीतरी ओरडलं. "मुर्दाबाद!"

"मुर्दाबाद!" सगळ्यांनी उचललं.

बाबांनी भोंगा तोंडाशी नेला होता. आवाज आला नाही. नुसतं त्यांचं श्वास घेणं भोंग्यातून ऐकू येत होतं.

आईने टोपी घातली नव्हती. ती जवळ आली तसा पहिल्या रांगेचा आवाज विरला, मग दुसऱ्या. मागच्यांना ऐकू येत नसल्यामुळे ते ओरडतच होते. वुओंगकाकांनी मान पुढे काढली. "वहिनी? तुम्ही?"

आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"धरा," ती म्हणाली.

"थोआ..."

"मी वीस तास धरलंय. हात दुखतायत. धरा आपल्या पोराला. रस्त्याच्या यंत्रांनी दोन रांगा आधीच उकरल्या होत्या. मला हाताने चाचपून शोधावा लागला. तिथेच जाळून राख केली आणि आणला. आता तुम्ही धरा."

बाबा भोंग्याकडे बघत राहिले, जणू तो कोणी दुसऱ्यानेच त्यांच्या हातात ठेवला होता. मग त्यांनी तो खाली जमिनीवर ठेवला. झेंडा मात्र सोडला नाही. काठीवरून तो सोडवायला लागले. "निदान याच्यावर आपला झेंडा घालू दे," ते हळू म्हणाले. "आपल्या शिपायांवर घालतात तसा."

मला तर वाटलं, बाबा सुटले. झेंडा घातला असता तर सगळं निभावलं असतं. उद्याच्या रेडिओवर तेच भाषण झालं असतं, शहीद मुलगा, पिवळा झेंडा, टाळ्या. वुओंगकाकांनाही मान खाली घालावी लागली असती. आईच्याही ते ध्यानात आलं असावं.

"कोणासाठी घालताय?" तिने विचारलं. "त्याच्यासाठी की यांच्यासाठी?"

बाबा काठीवरची गाठ सोडवतच राहिले.

"तो सहा वर्षांचा आहे. एका झेंड्याने त्याला औषध दिलं नाही. दुसऱ्याच्या नावाने तुम्ही त्याला सोळा वर्षं माइकवर उभा केलात. आता त्याच्या अंगावर कुठलाच झेंडा पडणार नाही. दोन्ही हात रिकामे करा आणि मग घ्या. नाहीतर मी टॅक्सी बघते."

बाबांनी झेंड्याची घडी केली. घडी अगदी नीट, कडेला कड लावून, शिस्तीत. ती वुओंगकाकांच्या हातात दिली. मग दोन्ही हात पुढे केले आणि आईने गाठोडं त्यांच्या हातांवर ठेवलं. ते हलकं होतं. इतकं हलकं असेल असं त्यांना वाटलं नसावं, कारण हात उगाच वर गेले आणि त्यांनी ते घाईने छातीशी आवळलं.

चाळीस म्हातारे आणि त्यांचे चाळीस फोन. सगळ्यांनी फोटो काढले.

"अध्यक्ष," वुओंगकाका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात वीस वर्षांचं उपाध्यक्षपद होतं, "नियम नियम आहे. घरातलं माणूस तिकडे जाऊन आलं. आधी झेंड्यासमोर माफी मागा."

"माफी कसली?" बाबा म्हणाले. "हा माझा मुलगा आहे."

त्यांच्या भाषणात हे वाक्य हजार वेळा आलं होतं, आणि त्यापुढे ते थांबायचे. या वेळी थांबले नाहीत, चालायला लागले. मागून आधी एकाने, मग दोघांनी, आणि मग ज्यांना ऐकू येत नव्हतं त्या सगळ्यांनी 'मुर्दाबाद' म्हटलं. कोणीतरी भिरकावलेला थर्मास माझ्या पायाशी पडला. आईने तो उचलून बाकावर ठेवला. मी गाडीचं दार उघडलं तेव्हा मागच्या सीटवर अजून उरलेले फलक होते, ते हातानेच खाली ढकलले आणि बाबांना बसवलं.

दुसऱ्या दिवशी वुओंगकाका दुकानात आले. अध्यक्ष म्हणून. रात्रीत निवडणूक झाली होती. बरोबर फोटो होता. बाबा, कॅप्टनचा गणवेश, छातीवर लाल चौकोन, मधे पिवळं.

"हा मोठा करायचा," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "वर 'गद्दार निन्ह', खाली 'मुर्दाबाद'. तू छापणार नसशील तर तसं सांग, मी दुसरीकडे जातो."

"का नाही छापणार? आजवर अख्ख्या गावाचे छापले, बापाचे नाही छापले तर तो वशिला होईल. रंग कोणता हवा, काका? लाल चालेल, की त्यावरही बहिष्कार आहे?"

"तोंड सांभाळ, लुआ."

"पैसे आगाऊ द्या. गद्दाराच्या घरचं दुकान आहे, भरवसा नाही."

मी छापले. इतके चांगले फलक आजवर कधी छापले नव्हते. एकेक अक्षर दोनदा तपासलं.

फलक वाळत घातले होते तेव्हा बाबा आले. त्यांच्या येण्याची वेळच ती, पत्रकं तपासायची. गणवेश नव्हता. साधा करडा शर्ट, आणि पायात मोजे नव्हते. सबंध दुकानात दोरीवर तेच तेच टांगलेले होते, गद्दार निन्ह, गद्दार निन्ह. ते एकासमोर उभे राहिले. खिशातून वाचायचा चष्मा काढून लावला. मी काहीही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं, माझ्याकडे द्यायला बरंच होतं.

"मी नीट धरलंय ना त्याला?" त्यांनी विचारलं.

मी फोटोकडे पाहिलं. डावा हात खाली, उजवा वरून. लहान मूल झोपलं की धरतात तसा.

"धरलंय," मी म्हटलं.

"त्याचा नि माझा फोटो नाही ना आपल्याकडे." ते अजून फलकाकडेच बघत होते. "एक काढून देतेस? ही अक्षरं नकोत."

मी संगणकापाशी बसले. आधी 'मुर्दाबाद' पुसलं, मग त्यांचं नाव, मग 'गद्दार'. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"केवढा काढू?" मी विचारलं.

"उदबत्तीच्या वाटीमागे मावेल एवढा," ते म्हणाले.